जुन्या हायब्रिड सिंथमध्ये एवढं काय आहे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेलो की ऐंशीच्या दशकातले अर्धे डिजिटल अर्धे अ‍ॅनालॉग सिंथेसायझर (थोडक्यात सिंथ) मला निव्वळ अ‍ॅनालॉगपेक्षा जास्त आवडतात. त्यावर इतक्या मेल आल्या की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. "जुन्या कॅसिओवर एवढं काय लिहायचं असतं" असंही एकांनी विचारलंय, त्यांनी ही दोन पानं सरळ उलटून पुढे जावं.

प्रश्न: दादा, मी कोल्हापूरला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डीएक्स7 डिजिटल हे कळतं, ज्युपिटर-8 अ‍ॅनालॉग हेही कळतं, पण पीपीजी वेव्ह, एन्सोनिक ईएसक्यू-1, कॉर्ग डीडब्ल्यू-8000 यांना सगळे हायब्रिड म्हणतात ते नक्की कशावरून? आणि धड हेही नाही धड तेही नाही अशा अर्धवट मशीनच्या मागे लोक एवढे का लागलेत?

उत्तर: अर्धवट म्हणालास ते खरंच आहे आणि मजा तिथेच आहे, पण आधी आत काय चालतं ते बघ. सिंथमध्ये आवाज साधारण तीन टप्प्यांतून जातो, ऑसिलेटर कच्चा आवाज काढतो, फिल्टर त्यातले वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) कापतो आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर त्याला चढ-उतार देतो. ज्युपिटर-8 मध्ये (1981) हे तिन्ही टप्पे म्हणजे सर्किटमधून वाहणारं व्होल्टेज. यामाहाच्या डीएक्स7 मध्ये (1983) फिल्टर नावाची गोष्टच नाही, सगळं आकड्यांचं गणित आणि त्याचं व्होल्टेज होतं ते अगदी शेवटी. हायब्रिडमध्ये पहिला टप्पा डिजिटल, म्हणजे वेव्ह (आवाजाच्या लहरीचा आकार) रॉममध्ये, कायमच्या मेमरी चिपमध्ये, आकडे म्हणून साठवलेली असते, सूर दाबला की ते आकडे त्या सुराच्या वेगाने वाचले जातात, तिथल्या तिथे व्होल्टेज होतात, आणि पुढचा फिल्टर न् अ‍ॅम्प्लिफायर जुन्या पद्धतीचा, अ‍ॅनालॉग.

असं का केलं? हौस म्हणून अजिबात नाही, पैसे वाचवायला. ऐंशीच्या सुरुवातीला छोट्या छोट्या वेव्ह रॉममध्ये भरणं परवडायला लागलं होतं, पण आठ सुरांसाठी एकदम आठ रेझोनंट फिल्टरचं (कापायच्या जागेजवळचे हार्मोनिक उचलून धरणाऱ्या फिल्टरचं) गणित जागच्या जागी करायचं तर तेवढा ताकदीचा प्रोसेसर सामान्य माणसाच्या कीबोर्डात बसवणं कुणाच्याच बापाला परवडत नव्हतं. आणि दुसरीकडे अमेरिकेत डग कर्टिस यांच्या कंपनीच्या सीईएम चिप आणि एसएसएमच्या चिप बाजारात तयार होत्या, नखाएवढ्या आयसीत अख्खा फिल्टर. मग काय, सुरुवात डिजिटल, शेवट अ‍ॅनालॉग, लावा टाका न् विका.

याची सगळ्यात चांगली गोष्ट हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्म यांची. त्यांची पीपीजी कंपनी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी वेव्हकॉम्प्युटर 360 बनवला, त्यात डिजिटल वेव्ह होत्या पण फिल्टर नव्हता, कारण वेव्ह बदलत बदलत नेली की फिल्टरची गरजच काय असा विचार होता. विचार हुशारीचाच होता, पण आवाज ऐकून लोकांचे कान किटले. मग 1981 च्या वेव्ह 2 मध्ये त्यांनी मागे अ‍ॅनालॉग फिल्टर जोडले, 1982 ला निळ्या पॅनेलचा वेव्ह 2.2 आला, त्यात आठ आवाज, म्हणजे एका वेळी आठ सूर, प्रत्येक आवाजाला दोन ऑसिलेटर आणि एक एसएसएमचा फिल्टर, आणि तो आवाज टँजरीन ड्रीमपासून डिपेश मोडपर्यंतच्या बँडमध्ये सगळीकडे पोचला. आकडे तसेच 8 बिटचे, तंत्र तेच, फक्त मागे एक फिल्टर आला आणि त्याच कर्कश आवाजाला लोक पैसे मोजायला लागले.

आता तो डिजिटल भाग कर्कश का, तर 8 बिट म्हणजे उंचीच्या फक्त 256 पायऱ्या, त्यामुळे वेव्ह गुळगुळीत नसते, खालच्या सुरांत त्या पायऱ्यांची खरखर ऐकू येते. वरच्या सुरांत दुसरीच भानगड, आकडे वाचायचा जो वेग असतो त्याच्या निम्म्यापेक्षा वरची फ्रिक्वेन्सी त्यात मावत नाही, ती दुमडून परत खाली येते आणि वाजवलेल्या सुराशी तिचं काही नातं नसतं. याला एलियासिंग म्हणतात, तुला सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरला येईलच. पीपीजीत आणखी एक, एका वेव्हटेबलमध्ये 64 वेव्ह ओळीने लावलेल्या असतात आणि एन्व्हलप (सूर दाबल्यापासून वेळेनुसार चढ-उतार ठरवणारा भाग) त्यांच्यावरून चालत जातो, आणि एका वेव्हवरून दुसरीवर उडी मारताना ती उडी कानाला कळते, टक-टक-टक अशी बारीक. आजच्या हिशेबाने या सगळ्या चुका. पण त्याच वेव्हमध्ये असे विचित्र हार्मोनिक असतात जे करवती, चौकोनी आणि त्रिकोणी वेव्हवर जगणाऱ्या अ‍ॅनालॉग ऑसिलेटरमधून जन्मात निघणार नाहीत.

आणि मग फिल्टर. तो बंद असला की खरखर, एलियासिंग सगळं पोटात, आवाज मऊ गोल येतो. हळूहळू उघडत गेलास की एका क्षणी ती काचेसारखी धार बाहेर पडते, आणि किती पडू द्यायची ते तुझ्या हातात असतं. माझ्या मते या मशीनचा सगळा जीव या एका जागेत आहे, जिथे आकडे संपतात आणि व्होल्टेज सुरू होतं. लोक याला 'वॉर्म' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. डीडब्ल्यू-8000 वॉर्म वगैरे काही नाही, तो थंडच आहे, फक्त त्याच्यावर झाकण आहे आणि ते झाकण फार सुंदर उघडतं.

नंतर डिजिटल स्वस्त झालं आणि ही जात मागे पडली. 1988 चा कॉर्ग एम1 घे, पूर्ण डिजिटल, प्रचंड चालला, पियानो काय बासरी काय सगळं एका डब्यात, पण त्याच्या फिल्टरला रेझोनन्सच नव्हता, म्हणजे फिल्टर उघड-बंद करताना जो 'वाँव' असा उच्चार निघतो तोच गायब. 1989 ला जर्मनीच्याच वाल्डॉर्फने मायक्रोवेव्ह काढला, पीपीजीच्या वेव्हटेबल आणि मागे कर्टिसचे फिल्टर, तोवर बाकीच्यांनी हा रस्ता जवळजवळ सोडला होता.

तू इंजिनीअरिंगचा म्हणून एक जास्तीचं सांगतो. कमोडोर 64 हा घरगुती कॉम्प्युटर 1982 ला आला, त्यातली आवाजाची सिड चिपही हायब्रिडच, ऑसिलेटर डिजिटल आणि फिल्टर अ‍ॅनालॉग, तेही एकाच सिलिकॉनवर. ती बनवणारे बॉब यानेस पुढे एन्सोनिक कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, आणि एन्सोनिकच्या मिराज सॅम्पलरमध्ये (1984) न् ईएसक्यू-1 मध्ये (1986) जी ऑसिलेटर चिप आहे तीच अ‍ॅपलच्या टूजीएस कॉम्प्युटरमध्येही बसवलेली होती. म्हणजे कॉम्प्युटर आणि सिंथ तेव्हा एकाच घरातले होते, प्रोजेक्टला विषय नसेल तर हा घे.

प्रश्न: ठाण्यात एक स्टुडिओ बंद होतोय, ते कॉर्ग डीडब्ल्यू-8000 विकतायत. "सगळं ओके आहे, फक्त पॅच उडालेत" असं म्हणाले. घ्यावा का? बघायला जाताना काय तपासू?

उत्तर: पॅच (मशीनमध्ये साठवलेले आवाज) उडाले हे ऐकून घाबरू नका, उलट भाव पाडायला बरं. आत लिथियमची नाण्यासारखी बॅटरी सोल्डर केलेली असते, ती संपली की 64 पॅचचा कचरा होतो, स्क्रीनवर काहीबाही आकडे आणि दाबलं की भलतेच आवाज. बॅटरी बदलून घ्या आणि बदलताना नुसती बॅटरी न लावता होल्डर लावून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंगची भानगड नको. फॅक्टरीचे आवाज परत भरणं सोपं आहे, या मशीनला कॅसेटसाठी टेप इनचं सॉकेट आहे, तोच डेटा आवाजाच्या फाइलच्या रूपात मिळतो, मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेतून वाजवायचा आणि मागचं मेमरी प्रोटेक्टचं बटण आधी बंद करायचं. हे बटण विसरून "डेटा जातच नाही" म्हणून रडणारे मी बरेच बघितलेत.

खरी तपासणी दुसरीच आहे. आठ आवाज म्हणजे आत आठ वेगवेगळे फिल्टर, आणि एक बिघडला तरी गाणं वाजवताना पटकन कळत नाही, आठातला एकच सूर जरा मंद येतो न् आपल्याला वाटतं आपलंच बोट हलकं पडलं. म्हणून असं करा: डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) बंद करा, दोन्ही ऑसिलेटरपैकी एकच ठेवा, कटऑफ (फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा) मधल्यापेक्षा खाली, रेझोनन्स बराच वर, आणि मधला एक सा एकाच जोराने परत परत दाबत राहा. मशीन प्रत्येक दाबाला पुढच्या आवाजाकडे जातं, त्यामुळे आठ दाबांत आठही फिल्टर ऐकून होतात. डोळे मिटून ऐका. थोडा थोडा फरक असणारच, तो असलेला बराच, त्यानेच कॉर्ड जिवंत वाटतो. पण दर आठव्या दाबाला एकच सूर झाकल्यासारखा किंवा किंचाळल्यासारखा येत असेल तर तो आवाज गेलाय. तसं असेल तर माणूस शोधावा लागेल, आणि पुण्या-मुंबईत असा माणूस अजून आहे, पण तो तुमच्या घाईने काम करत नाही.

मग सगळ्या 61 कीज एकेक करून, आधी हळू मग जोरात. काही वाजतच नसतील किंवा फक्त फुल जोरात वाजत असतील तर खालच्या रबराच्या पट्टीवर धूळ आहे, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून साफ होते, अर्ध्या दिवसाचं काम. की दाबून ठेवून आणखी दाबा, आफ्टरटच लागतो का बघा, तो बऱ्याचदा मेलेला असतो आणि खरं सांगायचं तर त्याच्याशिवायही चालतं. डेटाचा स्लायडर खरखरतो का, जॉयस्टिक मधोमध परत येते का, आणि डिले लावल्यावर मागे हिस येतो का, हिस थोडा येणारच.

घ्यावा का म्हणाल तर आवाज आठही शाबूत असतील तर घ्याच. 16 वेव्ह, प्रत्येक आवाजाला दोन ऑसिलेटर, सहा टप्प्यांचा एन्व्हलप आणि आत बसवलेला डिजिटल डिले, 1985 च्या मशीनला हे फार झालं. त्रास एकच, नॉब नाहीत, पॅनेलवर छापलेला पॅरामीटरचा नंबर दाबायचा आणि मग स्लायडर. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल.

प्रश्न: माझ्याकडे रोलंडचा जुनो-106 आहे. तो हायब्रिड धरायचा की नाही? मित्र म्हणतो त्याचे ऑसिलेटर डिजिटल आहेत.

उत्तर: मित्राला अर्धंच माहितीय. जुनो-106 (1984) मधला ऑसिलेटर डीसीओ आहे, म्हणजे सुराची उंची डिजिटल घड्याळ ठरवतं, पण वेव्ह तयार करतं ते अ‍ॅनालॉग सर्किटच. त्यामुळे गरम झाला तरी बेसूर होत नाही, पण पीपीजीसारखी खरखर त्यात नाही न् विचित्र वेव्हही नाहीत. मी तरी त्याला अ‍ॅनालॉगमध्येच धरतो. एखादा आवाज अधूनमधून गायब होतो किंवा की सोडल्यावरही लटकून राहतो असं होत असेल तर ते 80017ए या सहा चिपचं दुखणं, त्यांच्यावरचं इपॉक्सीचं आवरण जुनं झालं की करंट नको तिथे जायला लागतो. लोक ते ॲसिटोनमध्ये बुडवून काढतात, नव्या बनावटीच्या चिपही मिळतात. तुमचा नीट वाजत असेल तर उगाच उघडू नका.

प्रश्न: मी मिरजेचा, गाणं शिकतो. आमच्या गावात तंबोरे बनतात आणि मी विचारतोय सिंथवर तंबोरा कसा करायचा, हसू नका. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा आवाज मला झेपत नाही, आणि माझ्याकडे काकांचा डीडब्ल्यू-8000 पडून आहे.

उत्तर: हसत नाही, हा सगळ्या मेलमधला सगळ्यात आवडलेला प्रश्न आहे. आणि योगायोगाने मशीनही बरोबर आहे.

तंबोऱ्याचा सगळा खेळ जवारीचा. घोडीच्या रुंद पाठीवर तार घासत घासत हलते, खाली सूत सरकवून जागा नेमकी धरलेली असते, आणि तार छेडली की एकच सूर न राहता वरचे हार्मोनिक उमलतात न् मग सावकाश खाली खाली उतरत येतात. हे उतरणं सिंथवर करायचं तर रेझोनन्स लावलेला फिल्टर हळूहळू बंद करायचा, तो बंद होता होता वाटेत येणाऱ्या एकेका हार्मोनिकला उचलून धरतो. म्हणजे वेव्ह अशी हवी की जिच्यात वरचे हार्मोनिक भरपूर आहेत. पहिल्या ऑसिलेटरला करवती वेव्ह द्या, दुसऱ्याला तुमच्या कानाला धातूसारखी वाटेल ती कुठलीही, त्याच सप्तकात, आवाज जरा कमी आणि किंचित डिट्यून. कटऑफ अगदी खाली. रेझोनन्स मधल्याच्या वर, पण फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवायला लागायच्या आत थांबा. फिल्टरच्या एन्व्हलपची इंटेन्सिटी भरपूर, अटॅक शून्य नको, अगदी एक-दोन घरं, म्हणजे उमलल्यासारखं येईल. पुढे डिके लांब, सस्टेन शून्य, रिलीज लांब. अ‍ॅम्प्लिफायरचा एन्व्हलपही असाच पण त्याहून थोडा लांब, म्हणजे झाकण बंद झाल्यावरही खाली सूर उरतो. व्हेलॉसिटी बंदच करा.

आता वाजवा, मंद्र पंचम, सा, सा, खर्ज. इथे कळेल हायब्रिडमध्ये काय आहे ते. प्रत्येक तारेला तिचा स्वतःचा फिल्टर आणि स्वतःचा एन्व्हलप मिळतो, पंचमाचे हार्मोनिक अजून उतरतायत तोवर पहिला सा उमलायला लागलेला असतो, एकमेकांत गुंततात पण कुणी कुणाला ओढत नाही. आठ आवाज म्हणजे चार तारांची दोन आवर्तनं, त्यानंतर मशीन सगळ्यात जुना सूर कापून नव्याला जागा देतं आणि तोवर तो विझलेला असतो, त्यामुळे कळत नाही. हाच पॅच मी सांगितलाय तसा एखाद्या पॅराफोनिक सिंथवर करायला जाल, म्हणजे जिथे सगळ्या सुरांना मिळून एकच फिल्टर असतो, तर प्रत्येक नवी तार छेडली की आधीच्या तिघीही परत उघडतात आणि सगळं घुंगरू बांधल्यासारखं वाटायला लागतं.

दोन अडचणी सांगून ठेवतो. एक, सिंथचा पंचम इक्वल टेम्परामेंटचा, म्हणजे सप्तकाच्या बारा सारख्या भागांतला, शुद्ध पंचमापेक्षा साधारण 2 सेंटनी (सेंट म्हणजे त्या एका भागाचा शंभरावा हिस्सा) खाली. तेवढं तुमच्या कानाला खटकेल की नाही हे तुमच्या गुरुजींवर अवलंबून, दुसऱ्या ऑसिलेटरच्या डिट्यूनमध्ये ते बरंचसं झाकलं जातं. दुसरी, हाताने वाजवत बसाल तर गाणार कधी. अर्पेजिएटरला (दाबलेले सूर आपोआप एकामागोमाग वाजवणारी सोय) लॅच आहे, म्हणजे हात काढला तरी ते चालू राहतं, आणि दाबलेल्या क्रमाने वाजवणारा मोडही आहे, त्यावर लावून वेग अगदी कमी करा. जमलं तर रेकॉर्ड करून मला पाठवा, खरंच.

प्रश्न: ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, गणपती, लग्नं, शाळांचे गॅदरिंग. एखादा जुना हायब्रिड घेतला तर स्टेजवर चालेल का? वेगळा साउंड हवाय.

उत्तर: नका घेऊ. पियानो नाही, तबला नाही, सनई नाही, आठ आवाजांत कॉर्ड न् मेलडी एकत्र वाजवली की सूर कापले जातात, वजन हमालाला दिल्याशिवाय उचलत नाही, आणि मंडपातल्या जनरेटरवर चाळीस वर्षं जुनं मशीन लावायचं म्हणजे धाडसच. तुमचा नेहमीचा कीबोर्ड असू द्या आणि शेजारी आजचा एखादा छोटा हायब्रिड ठेवा. आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक (2019) आहे, डिजिटल ऑसिलेटर आणि अ‍ॅनालॉग फिल्टर, वजन काहीच नाही, फक्त तो वर सांगितलेला पॅराफोनिक. कॉर्गचा मिनिलॉग एक्सडी (2019) आहे, त्यात चार आवाज, दोन अ‍ॅनालॉग ऑसिलेटर आणि तिसरा डिजिटल. लीडसाठी कुठलाही चालेल.

प्रश्न: हे सगळं प्लगइनमध्ये (कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअर सिंथमध्ये) मिळत असताना हार्डवेअरची हौस कशाला? (नाशिक)

उत्तर: खरंय, नका करू हौस. मिक्समध्ये ड्रम्स, बेस, गाणं सगळं आल्यावर प्लगइन कुठला न् खरा कुठला हे मीही छातीठोकपणे सांगणार नाही. फुल बकेटचा एफबी-7999 फुकट आहे, तो कॉर्ग डीडब्ल्यूवरूनच बनवलाय. एन्सोनिकसाठी एसक्यू8एल फुकट आहे, पण तो जुन्या 32 बिट विंडोजचा, विकत घ्यायचा तर आर्टुरियाचा एसक्यू80 व्ही. पीपीजीचा प्लगइन वाल्डॉर्फचा आहे, आणि खुद्द पाल्म यांनीही नंतर आयपॅडसाठी वेव्हटेबलचं अ‍ॅप काढलं होतं, म्हणजे ज्याने मशीन बनवलं त्यालाही जुन्या लोखंडाचं प्रेम नव्हतं.

प्लगइनमध्ये एकच गोष्ट मला कमी पडते. ईएसक्यू-1 चा निळसर-हिरवा डिस्प्ले आहे ना, त्यावर एका वेळी दहा पॅरामीटर आणि त्यांच्या वर-खाली दहा बटणं, तिथे बसलं की दुसरं काही करताच येत नाही. लॅपटॉपवर बसलं की पॅच बनवता बनवता तिसऱ्या मिनिटाला मेल उघडलेली असते. एवढ्यासाठी जुनं मशीन घ्यायचं का हा तुमच्या खिशाचा प्रश्न.

प्रश्न: आपल्या मुंबईच्या फिल्मी संगीतात हे हायब्रिड सिंथ वाजलेत का? चरणजीत सिंग यांच्या रेकॉर्डवर जो आवाज आहे तो हाच का?

उत्तर: तो हा नाही. चरणजीत सिंग हे मुंबईचे स्टुडिओतले वादक, त्यांनी 1982 मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली आणि 2010 ला ती परदेशात परत निघाली तेव्हा जग चाट पडलं, कारण शिकागोत अ‍ॅसिड हाउस नावाचं डान्स म्युझिक सुरू व्हायच्या कितीतरी आधी हे मुंबईत झालेलं होतं. पण त्यात ज्युपिटर-8, टीबी-303 (बेसचं मशीन) आणि टीआर-808 (ड्रमचं मशीन) आहेत, तिन्ही रोलंडचे, तिन्हींचा आवाज अ‍ॅनालॉग. डिजिटल आहे ते फक्त आवाज नियंत्रित करण्यात न् सिक्वेन्स लक्षात ठेवण्यात. भैरव ज्युपिटरवर ऐकताना एक गोष्ट कानावर येते, पिच बेंडने घेतलेली मींड किती सहज जाते. हायब्रिडवर मींड घेताना मी फिल्टर थोडा बंदच ठेवतो, कारण उघडा ठेवून वर सरकत गेलं की एलियासिंग उलट दिशेने खाली सरकताना ऐकू येतं, आणि रागाचा पार विचका होतो. टेक्नो करणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं म्हणा.

प्रश्न: न्यू जर्सीत भाचा असतो, त्याला तिथे ईएसक्यू-1 स्वस्तात मिळतोय आणि तो दिवाळीला येताना पुण्याला घेऊन येऊ शकतो. इथल्या लाइटवर चालेल का?

उत्तर: सरळ लावला तर चालणार नाही, जळेल. तिकडे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. आधी भाच्याला मागच्या बाजूच्या पट्टीचा स्वच्छ फोटो पाठवायला सांगा, त्यावर व्होल्ट न् वॉट दोन्ही छापलेलं असतं. मग इथे बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या बाजूला, स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर बनवून देणारे आहेत, त्यांना छापलेल्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा मागा आणि मीटर लावून आउटपुट दाखवायला सांगा. हे मीटरचं मुद्दाम सांगतोय, कारण आपली लाइन रात्री कधी कधी 245-250 ला जाते आणि ट्रान्सफॉर्मर त्याच प्रमाणात पुढे जास्त देतो. 120 च्या मशीनला 110 चा मिळाला तर उलट बरंच आहे. जपानहून कुणी काही आणत असेल तर तिथे 100 व्होल्ट, त्याला अमेरिकेवाला ट्रान्सफॉर्मर लावू नका. आणि ट्रान्सफॉर्मर हाच म्हणून मशीनच्या वायरवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, घरात व्हॅक्यूम क्लीनर लावायला येणारं कुणीतरी एक दिवस प्लग बदलतंच.

दोन प्रकार आहेत, आधीचा लोखंडी बॉडीचा, नंतरचा प्लास्टिकचा. विमानातून यायचं तर प्लास्टिकचा हलका, पण कोपरे फुटतात, आणि लोखंडी घेतला तर बॅगेचं वजन आधी मोजा. याचीही बॅटरी आत सोल्डर केलेली आहे, वयाने ती कधीही राम म्हणू शकते. तेव्हा पॅक करायच्या आधी भाच्याला सांगा, मिडीची केबल लॅपटॉपला लावून 40 पॅचचा सिसएक्स डंप, म्हणजे कॉम्प्युटरवरची कॉपी, काढ आणि तुम्हाला मेल करून ठेव.